मुखपृष्ठावरचा रंग आणि दवाखान्यातले चेहरे

मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना आटोपत आला होता. कंपाउंडरने शेवटचा नंबर पुकारला आणि आमच्या वर्तकनगरच्याच म्हाडा वसाहतीतल्या एक ताई मुलीला घेऊन आत आल्या. मुलीने तोंडाला ओढणी गुंडाळलेली. ठाण्यात स्कूटीवरून जाणाऱ्या बहुतेक मुली उन्हात अशी ओढणी गुंडाळतात, त्यामुळे मला विशेष काही वाटले नाही. तिने ओढणी सोडली तेव्हा मात्र मी खुर्चीतून उठले आणि तिला दिव्याजवळ नेले. दोन्ही गाल लालबुंद. कातडी पातळ झालेली, त्यावर बारीक लाल शिरांचे जाळे. हनुवटीवर पुटकुळ्या, आणि कानशिलापासून गालावर उतरलेली काळी लव. वय तेवीस. वागळे इस्टेटमध्ये एका कचेरीत नोकरीला.

"मॅडम, रविवारी पाहुणे हिला बघायला येणार आहेत," आई म्हणाली. "तोवर काहीतरी करा. मलम लावलं की बरं असतं. दोन दिवस नाही लावलं की चेहरा भाजल्यासारखा होतो."

"कुठलं मलम?"

ताईंनी पर्समधून एक ट्यूब काढली आणि तिच्याबरोबर घडी घातलेला एक कागद. तो कागद म्हणजे माझ्याच चिठ्ठीची झेरॉक्स होती. अक्षर माझे, सही माझी. वर नाव मात्र तिसऱ्याच बाईचे.

त्या कागदाविषयी पुढे सांगते. आधी ट्यूबमध्ये काय होते ते सांगायला हवे, कारण ही ट्यूब वाचकांपैकी काहींच्या घरात या क्षणी आरशाखालच्या फळीवर असेल. तिच्यात तीन औषधे एकत्र असतात : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातले तिसरे स्टिरॉइड. चेहऱ्यावर वांग आले असेल तर असे मलम डॉक्टर मोजके दिवस, फक्त रात्री, फक्त डागावर लावायला देतात. स्टिरॉइड हे काही विष नव्हे. इसबाने कातडी सोलवटलेल्या रुग्णाला ते आठ दिवसांत झोप मिळवून देते. पण तेच मलम निरोगी चेहऱ्यावर पावडरीसारखे रोज फासले की काय होते?

पहिले दोन-तीन आठवडे जादू होते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य तयार होणे मंदावते, आणि चेहरा नितळ आणि उजळ दिसू लागतो. शेजारणी विचारतात, "काय गं, काय लावतेस?" इथेच घात होतो. त्यानंतर कातडी झिजू लागते. आकसलेल्या रक्तवाहिन्या पुढे कायमच्या फुगतात आणि बाहेरून दिसू लागतात. मुरूम येतात, लव वाढते, ऊन सोसत नाही. मलम थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावायचे. दारूच्या व्यसनासारखेच हे चक्र आहे. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षे लावले तर काही जणींच्या गालावर निळसर काळे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत. गोरे होण्यासाठी लावलेल्या औषधाने कायमचे काळे डाग! चेहऱ्याची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी पट अधिक औषध शोषून घेते, हे आणखी एक.

आता माझा प्रश्न. ही मुलगी आजारी नव्हती. तिला वांग नव्हते, इसब नव्हते. तिचा रंग गव्हाळ होता, आईचा आहे तसाच. मग तिला आपल्या चेहऱ्याला औषध लागते असे कोणी सांगितले?

मी १९९७ साली दवाखाना थाटला तेव्हा रुग्णांना बसायला दोन बाकडी, एक टीपॉय आणि टीपॉयवर मासिके ठेवली. काही मी आणत असे, काही रुग्णच आणून ठेवत. ती कशी आहेत याचा विचार मी कधी केला नाही. त्या मुलीला पाठवून दिल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, मी तो गठ्ठा पहिल्यांदा नीट चाळला. मुखपृष्ठावर गोरी बाई. साडीच्या जाहिरातीत गोरी बाई, सोन्याच्या जाहिरातीत गोरी, साबणाच्या, कुकरच्या, मसाल्याच्या जाहिरातीतसुद्धा गोरीच. कथेच्या चित्रातली नायिका गोरी आणि तिचा छळ करणारी जाऊ जरा काळपट. ज्यांचा रंग आपल्या घरातल्या बायकांसारखा होता अशा बायका मला कुठे दिसल्या, तर एका सरकारी जाहिरातीत. लसीकरणाच्या! म्हणजे सावळ्या बाईने मासिकात यायचे ते रोगराईच्या निमित्ताने.

हे आजचे नाही. माझी आई जुने दिवाळी अंक ट्रंकेत जपून ठेवी. दीनानाथ दलालांची 'दीपावली', रघुवीर मुळगावकरांची 'रत्नप्रभा'. त्या मुखपृष्ठांवरच्या बायका कशा होत्या? भरल्या अंगाच्या, नऊवारीतल्या, हातात निरांजन घेतलेल्या. आजच्या मापाने त्यांना कोणी जाड म्हणेल. पुढे मुखपृष्ठावरची बाई वाळत गेली. साडी गेली, केस कापले, खांदे उघडे पडले. सगळे बदलले, एक वर्ण तेवढा केतकीचा राहिला. चित्रकारांना मी दोष देत नाही, त्यांचे हात देखणे होते. पण आईच्या पिढीतल्या मुली ती चित्रे बघत वाढल्या आणि "रंगाने जरा डावी आहे" हे वाक्य आम्ही मुलींनी घराघरांत ऐकले. ज्यांचा देव सावळा, जे त्या सावळ्यासाठी पंढरीला चालत जातात, त्यांच्याच घरात.

१९७५ साली हिंदुस्थान लीव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणली. एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ही क्रीम म्हणजे ते स्टिरॉइडचे मलम नव्हे. माझा आक्षेप तिच्या जाहिरातीला आहे. त्या जाहिरातीची गोष्ट सर्वांना पाठ आहे. सावळी मुलगी खिन्न असते, कोणी तिला पसंत करत नाही, मग ती क्रीम लावते आणि लग्न जुळते. पुढे काळ बदलला तशी लग्नाच्या जागी नोकरी आली. एका जाहिरातीत बाप मुलगा नसल्याची खंत करतो, मुलगी क्रीम लावून गोरी होते आणि हवाई सुंदरी बनून बापाला आधार देते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार केली आणि २००३ साली त्या बंद झाल्या. मधल्या काळात, १९९४ साली, सुष्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली. तेव्हा मी नुकती डॉक्टर झाले होते. मला आठवते, त्यानंतर गल्लोगल्ली ब्यूटी पार्लरच्या पाट्या लागल्या. पुरुषही सुटले नाहीत. २००५ साली त्यांच्यासाठी 'फेअर अँड हँडसम' आली.

पुढे नियम झाले. सावळ्या रंगाची माणसे दुःखी, एकटी किंवा अपयशी दाखवू नयेत, असे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन मंडळाने २०१४ साली सांगितले. २०२० साली 'फेअर' हा शब्द क्रीमच्या नावातून गेला आणि 'ग्लो अँड लव्हली' झाली. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या 'शादी डॉट कॉम'ने त्वचेच्या रंगाप्रमाणे स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. चांगलेच झाले. पण शब्द बदलला म्हणून चित्र बदलत नाही. 'गोरेपणा'ची 'चमक' झाली, 'तेज' झाले, 'निखार' झाला. जाहिरातीतली मुलगी डावीकडे सावळी आणि उजवीकडे उजळ होती, तिच्या मधली रेघ पुसट झाली एवढेच.

आणि क्रीमने कोणी चित्रातल्याइतके गोरे होत नाही. मुलगी सहा महिने लावते, आरशात बघते, चित्रात बघते. आपल्याच कातडीत काही खोट आहे असे तिला वाटते. मग ती 'स्ट्राँग' काहीतरी शोधू लागते. माझ्या टेबलावरची ट्यूब या वाटेने येते.

दूरचित्रवाणीचेही थोडे सांगते. 'स्टार प्रवाह'वर २०१९ ते २०२३ 'रंग माझा वेगळा' नावाची मालिका चालली. आमच्या वसाहतीत रात्री तिच्या वेळेला रस्ता शांत असे. सावळ्या मुलीला तिच्या रंगावरून सोसाव्या लागणाऱ्या अपमानाची ती कथा. विषय चांगला, हेतू चांगला. पण ती सावळी दीपा साकारायला उजळ रंगाच्या रेश्मा शिंदे यांना घेतले आणि मेकअपने काळे केले. अभिनेत्रीविषयी माझी तक्रार नाही, काम तिने मनापासून केले. मला एवढेच विचारायचे आहे की, महाराष्ट्रात सावळी अभिनेत्री मिळेना? ज्या महाराष्ट्रात स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, आणि लोक तिचे डोळे आणि आवाज लक्षात ठेवून तिला सिनेमात घेऊन गेले? १९७७ सालच्या 'भूमिका'तल्या कामासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८६ साली ती गेली. माझ्या शाळेतल्या दोन सावळ्या मैत्रिणी त्या दिवशी जेवल्या नव्हत्या. आपल्यासारखी दिसणारी बाई पडद्यावर असली की काय होते, हे मी त्या दोघींमुळे जाणते.

मासिके आता कमी झाली. माझ्या टीपॉयवरचा गठ्ठाही कोणी फारसा उचलत नाही, सगळे मोबाइलमध्ये मान घालून बसतात. पण त्यात काय असते? तेच. वर आणखी एक भर. फोटो काढतानाच मोबाइल चेहरा आपोआप गोरा आणि गुळगुळीत करतो. पूर्वी लग्नाच्या फोटोला स्टुडिओवाला हाताने 'टचअप' करी, तो वर्षातून एकदा. आता मुलगी दिवसातून दहा वेळा आपलाच दुरुस्त केलेला चेहरा बघते. त्या मुलीनेही मला मोबाइलमधला फोटो दाखवला. म्हणाली, "मॅडम, मला परत अशी दिसायचंय." मी फोटो बघितला. ती तशी कधीच नव्हती.

रंग म्हणजे काय ते एकदा समजून घेऊ. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. गोऱ्या आणि काळ्या माणसात ते बनवणाऱ्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच. फरक असतो तो किती आणि कोणत्या जातीचे मेलॅनिन बनते यात. त्याचे काम उन्हातल्या अतिनील किरणांना अडवण्याचे. गोऱ्या कातडीच्या देशांत त्वचेचा कर्करोग आपल्यापेक्षा फार अधिक, तो याचमुळे. आपल्या उन्हाच्या देशात निसर्गाने फुकट दिलेली छत्री आपण पैसे मोजून फाडतो.

याची दुसरी बाजू रोज बघते. "हल्ली हिचा रंग उजळलाय ना?" असे सासू कौतुकाने सांगते, आणि मी सुनेची पापणी खाली ओढून बघते तर आतली बाजू पांढरी फटक. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. हा उजळपणा नव्हे, हा पंडुरोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. आणि आमच्या मुली मुखपृष्ठावरच्या बाईसारखी कंबर व्हावी म्हणून दुपारचा डबा न खाता परत आणतात.

स्टिरॉइडपेक्षा भयंकर प्रकार पाऱ्याचा. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून काही बनावट क्रीममध्ये तो घालतात. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात दहा लाख भागांत एक भाग इतकाच पारा चालतो, तोही नकळत आलेला. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी जणींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुळाशी जाऊन शोध घेतला, तेव्हा त्या तिघी वापरत असलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनाही २०२१ ते २०२३ या काळात असेच रुग्ण भेटले. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे पंधरा रुग्ण, त्यांतल्या तेरा जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे कबूल केले. चेहऱ्याला लावलेले मूत्रपिंडापर्यंत कसे जाते, असे लोक विचारतात. कातडी म्हणजे भिंत नव्हे. डोळ्यांखाली आणि पायांवर सूज, लघवीला फेस, अशी लक्षणे असतील आणि चेहऱ्याला अनोळखी क्रीम लावत असाल, तर लघवीची साधी तपासणी त्याच दिवशी करा आणि क्रीमची डबी डॉक्टरांना दाखवा. ज्या डबीवर कारखान्याचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, किंवा 'सोन्याचांदीला लागू देऊ नये' अशी सूचना आहे, ती फेकून द्या. पारा सोने खातो, म्हणून ती सूचना.

आता त्या कागदाची गोष्ट.

ती चिठ्ठी मी चार वर्षांपूर्वी एका बाईंना दिली होती. त्यांना बाळंतपणानंतर वांग आले होते. पंधरा दिवस, रात्री, डागावर, असे मी लिहिले होते. पण कसे लिहिले होते? आम्हा डॉक्टरांच्या त्या इंग्रजी आद्याक्षरांत आणि त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात, जे औषधाच्या दुकानदारालाही अर्धेच लागते. पंधरा दिवसांनी परत या, हे मी तोंडी सांगितले. बाई परत आल्या नाहीत. चेहरा उजळला, मग डॉक्टरकडे कशाला जायचे? चिठ्ठी दाखवून त्या ट्यूब आणत राहिल्या. शेजारणीने विचारले तेव्हा झेरॉक्स काढून दिली. तशी ती जिने चढत उतरत या मुलीच्या आईपर्यंत आली. औषधाच्या दुकानात कोणी तारीख बघितली नाही. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. इथे तर चिठ्ठी होती. माझीच.

मासिकांवर आणि जाहिरातींवर एवढे लिहिल्यावर हेही लिहिणे भाग आहे. चित्राने मुलीच्या मनात खोट घातली, पण औषध तिच्या हातात पोचले ते माझ्या निष्काळजीपणामुळे. आता मी असे मलम देते तेव्हा चिठ्ठीवर मराठीत, लाल शाईने, 'अमुक तारखेनंतर लावू नये' असे लिहिते. याला अर्धा मिनिट लागतो. हा अर्धा मिनिट मी इतकी वर्षे वाचवत होते.

ज्यांनी अशी मलमे लावली आहेत त्यांनी हा लेख वाचून घाबरून एकदम बंद करू नये. चेहरा भडकतो, रडू येते, आणि मुलगी पुन्हा ट्यूबकडे वळते. घटकांच्या यादीत मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासॉल यांपैकी नाव आहे का ते बघावे. वेष्टनावर 'आरएक्स' ही खूण असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. महापालिकेच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयातही दाखवता येईल. हळूहळू प्रमाण कमी करत मलम सोडवतात. सौम्य साबण, साधे मॉइश्चरायझर, उन्हात छत्री किंवा सनस्क्रीन, आणि धीर. तीन महिने तरी लागतात, कधी त्याहून अधिक. कच्चे लिंबू, बेकिंग सोडा वगैरे घरगुती प्रयोग या काळात मुळीच नकोत.

आणखी एक विनंती, आणि ती मी ज्या पानाशेजारी लिहिते त्या पानाविषयी आहे. रविवारच्या अंकातल्या 'वधू पाहिजे'च्या छोट्या जाहिराती बघा. नोकरी, शिक्षण, पत्रिका यांच्या आधी 'गोरी'. ती जाहिरात कोणी कंपनीवाला देत नाही. आपण देतो, शब्दाला पैसे मोजून.

त्या मुलीच्या आईला मी रविवारचा कार्यक्रम पुढे ढकला म्हणून सांगितले. त्या गप्प बसल्या. मुलगीच म्हणाली, "आई, नको येऊ दे त्यांना." नंतर ती दर पंधरा दिवसांनी येत राहिली. दुसऱ्या आठवड्यात चेहरा फार वाईट झाला होता, तेव्हा ती दवाखान्यात बसून अर्धा तास रडली. कचेरीत रजा टाकावी लागली. आता लाली गेली आहे. गालावरच्या दोन-तीन बारीक शिरा राहिल्या आहेत आणि त्या बहुधा राहतील. रंग परत तिचा स्वतःचा आला आहे.

गेल्या आठवड्यात ती सर्दीसाठी आली तेव्हा ओढणी गळ्यात होती. जाताना तिने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधून गोळा केल्यात, मॅडम." आत सात ट्यूब होत्या. त्यांतल्या दोघींना माझ्याच चिठ्ठीची झेरॉक्स गुंडाळलेली होती.